खिळ्यावरची उष्टी रोटी

मुहय्यो : ‘एवढा मोठा घास घेऊ नकोस रे, परत आल्यावर खायला काही उरू दे.’ हाच आवाज होता तुमचा, ओयी. ह्याच दारात. सात वर्षं झाली, पण अजून तसाच्या तसा ऐकू येतो मला.

कुमरीबिबी : म्हणाले असेन. पोरगं परदेशी निघालं की आई काहीतरी म्हणतेच. रडू फुटू नये म्हणून म्हणते.

(रिश्तोन ह्या कुंभारकामाच्या गावाच्या कडेचं एक अंगण, सकाळची उन्हं. तुतीखालच्या तखतावर तिघीजणी : म्हातारी कुमरीबिबी, तिची सून मुहय्यो, जी सासूला ‘ओयी’, म्हणजे आई, म्हणते, आणि मोहल्ला समितीच्या तोजीखोन, सगळ्यांच्या ‘अपा’, म्हणजे ताई, मांडीवर एक कागद घेऊन. उघड्या दारातून आतली भिंत दिसते. तिथे खिळ्याला एक वाळकी रोटी टांगली आहे, एका बाजूनं चावलेली.)

तोजीखोन : बरं, बरं. जुनं उगाळायला मी आले नाही. हे बघा, कोर्टाचा कागद. चौकटी दोनच आहेत. ‘समेट झाला’ आणि ‘समेट झाला नाही’. मुहय्योनं तलाक मागितलाय. तर आधी मोहल्ल्यानं नवराबायकोला समोरासमोर बसवायचं, समजूत घालायची, मग कागद परत पाठवायचा. असा नियम.

मुहय्यो : मग बसवा ना, अपा.

तोजीखोन : कुणाला?

मुहय्यो : नवराबायकोला.

तोजीखोन : अगं, एलमुरोद तिकडे रशियात!

मुहय्यो : मग त्या रोटीला बसवा. सात वर्षं मी तिच्याच समोर बसतेय.

कुमरीबिबी : तोबा, तोबा! ऐकलंस, तोजीखोन? पूर्वी ही बोलायची तर ओढणीच्या आतून बोलायची. चार बोटांवर उभ्या मुंगीला ऐकू जायचं नाही.

मुहय्यो : चहा घ्या, अपा.

तोजीखोन : हे काय? पियाला काठोकाठ भरलास? म्हणजे ‘उठा आता’ म्हणतेस मला?

मुहय्यो : चुकून भरला.

तोजीखोन : वीस वर्षं मी घरोघरी चहा पितेय, पोरी. पियाला चुकून भरत नाही. असू दे, पिते मी. आणि पिऊन झाल्यावरही बसते. तर, ‘समेट झाला नाही’ लिहायचं, तर नवऱ्याच्या बाजूनं वडीलधाऱ्याची सही लागते. म्हणजे मावशी, तुमची. तुम्ही सही केलीत तर ही मोकळी. नाही केलीत, तर कोर्ट म्हणणार, आणखी सहा महिने थांबा. मग सहा महिन्यांनी मी परत येणार, ही परत काठोकाठ भरणार.

कुमरीबिबी : मी कशी सही करू? भिंतीला रोटी आहे.

तोजीखोन : रोटीला कोर्टात चौकट नाही हो.

कुमरीबिबी : कोर्टाला काय कळतं! वाटेला लागलेल्यानं घास तोडला, उरलेली आपण टांगली. उरलेली त्याची वाट बघते. आम्ही तंदूरपाशी गायचो,
अर्धी रोटी भिंतीला, अर्धी परदेशी गं,
अर्धीला अर्धीची ओढ, येईल एका दिवशी गं.
ती भिंतीला असताना बायको उंबरा सोडून गेली, तर वाटसराची वाट तुटते. जोरा बाईची सून नाही का माहेरी निघून गेली? आणि पोर तिकडे परांचीवरून पडला.

तोजीखोन : आधी पडला.

कुमरीबिबी : काय?

तोजीखोन : तो आधी पडला, मावशी. मंगळवारी. फोन मीच घेतला होता समितीत. ती सून बुधवारी निघाली. माहेरी नव्हे, त्यालाच बघायला निघाली होती. माहेरी फक्त गरम कपडे घ्यायला थांबली.

कुमरीबिबी : पण सगळे तर म्हणतात...

तोजीखोन : म्हणतात खरं. मी पण म्हणत होते. मलाच तारीख माहीत, आणि मीच दोन ठिकाणी सांगून आले, की बघा, सून गेली आणि पोर पडला. आता तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या डोक्यात मंगळवार आणि बुधवार एकमेकांसमोर उभे राहिले.

मुहय्यो : त्या बिचारीशी दोन वर्षं कुणी बोलत नाही.

तोजीखोन : मी बोलते. म्हणजे, कुणी बघत नसलं की बोलते.

कुमरीबिबी : थांबा गं, मला गोंधळात पाडू नका. आधी पडला, नंतर पडला, ते अल्लाह जाणे. मुहय्यो, मला एक सांग. मी तुला जाच केला?

मुहय्यो : नाही.

कुमरीबिबी : उपाशी ठेवलं?

मुहय्यो : नाही, ओयी. उलट दुधावरची साय माझ्या वाटीत घालता आणि म्हणता मांजरानं खाल्ली.

कुमरीबिबी : मग?

मुहय्यो : मग काय, तेच मला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात गेले होते ना, दाढेसाठी. तिथल्या बाईनं विचारलं, ‘नवरा आहे?’ आहे म्हणू, तर तीन महिने पाहिलेला माणूस. चेहरा आठवायला गेले तर लग्नाच्या फोटोतला आठवतो. नाही म्हणू, तर जिवंत माणसाला नाही कसं म्हणायचं? मागे रांग. ती बाई म्हणाली, ‘सोपा प्रश्न आहे.’ मी दाढ तशीच घेऊन घरी आले.

तोजीखोन : दाढ दुखते अजून?

मुहय्यो : दुखते.

तोजीखोन : स्पष्ट विचारते, रागावू नकोस. दुसरं कुणी आहे? तुमच्या त्या मातीकामाच्या कारखान्यात वगैरे?

मुहय्यो : नाही, अपा. असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांना समजलं असतं. ‘वाया गेली’ म्हणाले असते आणि गप्प बसले असते. मी दिवसभर ताटल्यांवर निळी डाळिंबं काढते. संध्याकाळी हात धुते, तेव्हा पाणी निळं होतं. ते बघताना वाटतं, मी कुणाची कोण आहे? बायको, की विधवा, की ह्या घरातली मुलगी? कुठलंही एक सांगा, मी तशी राहीन. पण तिन्ही एकदम कशी राहू?

कुमरीबिबी : त्यानं तिकडे घर केलंय, ते मनाला लावून घेतलंस.

मुहय्यो : म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

कुमरीबिबी : ऐकीव गोष्ट आहे.

मुहय्यो : मलाही ऐकीवच आहे. रोट्या भाजणाऱ्या नानबाईच्या भाच्यानं सांगितलं, गोरी बायको आहे, मुलगा शाळेत जातो. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या चपलांकडे बघत होता. ओयी, खरं सांगते, मला वाईटसुद्धा वाटलं नाही. मला वाटलं, चला, त्याला कुणी जेवायला वाढतं.

तोजीखोन : हे असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. वरून आम्हाला सांगून ठेवलंय, घरं मोडू देऊ नका. मी आजवर किती जणींना सांगितलं असेल, सबर कर, दगड जिथे पडतो तिथेच जड होतो. पाठच झालंय. झोपेत पण म्हणेन. पण इथे मोडू नये असं घर आहे कुठे? ज्या दोघींचं घर आहे त्या तर माझ्यासमोर बसल्यात, आणि त्यांचं भांडणच नाही!

कुमरीबिबी : म्हणून म्हणते, समेट झाला लिही.

तोजीखोन : मावशी!

कुमरीबिबी : माझं काय जातंय गं? ती गेली तर जाऊ दे. तरणी आहे. मी मेले ह्या वर्षी नाहीतर पुढच्या. प्रश्न माझा नाही. लोक काय म्हणतील? कुमरीबिबीनं पोराची वाट तोडायला सही दिली. मला ह्या गल्लीत पाणी तरी भरू देतील?

तोजीखोन : तेच सांगायला आले होते मी, आणि भलतंच बोलत बसले. मी विचारून आले.

कुमरीबिबी : कुणाला?

तोजीखोन : लोकांना. अकरा घरं झाली. म्हटलं, लोक काय म्हणतात ते एकदाचं लोकांनाच विचारू. आधी नानबाईकडे गेले. ती म्हणाली, ‘माझं काही नाही अपा, जाऊ दे बिचारीला. पण कुंभारआळीतल्या बायका बोलतील.’ कुंभारआळीत गेले. त्या म्हणाल्या, ‘आमचं काय? पण खोजर आजींना रुचायचं नाही.’

मुहय्यो : खोजर आजींना ऐकू येतं?

तोजीखोन : ओरडून विचारलं. सगळ्या आळीला ऐकू गेलं, शेवटी त्यांना गेलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. म्हणाली, ‘मला कोण विचारतं आता? मी तर पहिल्या वर्षीच म्हटलं असतं, जा. पण हल्लीच्या पोरी फार कडक झाल्यात, त्यांना चालणार नाही.’ मग पोरींकडे गेले. पोरी म्हणाल्या, ‘इमामसाहेब.’ इमामसाहेब म्हणाले, ‘किताबात रोटीचं काही नाही. पण बायकांच्या रीतीत मी पडत नाही, नानबाईला विचारा.’

मुहय्यो : परत नानबाई.

तोजीखोन : परत नानबाई! मी रस्त्यात उभी. उन्हात. म्हटलं, अरे, मग नको म्हणणारा माणूस राहतो कुठे? त्याचं घर कुठलं? वीस वर्षं मी त्याच्या नावानं सगळ्यांना गप्प करत आले, आणि मला त्याचा पत्ता माहीत नाही!

कुमरीबिबी : तू नीट विचारलं नसशील.

तोजीखोन : एवढं मात्र झालं. इमामसाहेब जाता जाता म्हणाले, मन घाबरत असेल तर रोटी उतरवा, दुवा म्हणा, कुस्करून पाखरांना घाला. अन्नाचा अपमान नाही, वाटसराला शाप नाही. आपण आत्ताच करू या. थांबा, मीच काढते, माझा हात पोचतो.

कुमरीबिबी : हात लावू नकोस!

मुहय्यो : नको, अपा, नको!

तोजीखोन : अग्गं बाई. मावशींचं समजलं. तू का ओरडलीस?

मुहय्यो : काही नाही. पडेल. फार वाळलीय.

तोजीखोन : पाखरांना कुस्करूनच घालायची आहे. पडली तर काम सोपं.

मुहय्यो : ओयींच्या समोर नको.

कुमरीबिबी : माझ्या समोर नको म्हणजे? मी तर म्हणते तुझ्या समोर नको!

तोजीखोन : आता मी दोघींना समोरासमोर बसवू की काय? बोल, मुहय्यो.

मुहय्यो : ओयी, तुम्ही मला माफ कराल?

कुमरीबिबी : आधी कळू तर दे.

मुहय्यो : ती त्याची रोटी नाहीये.

कुमरीबिबी : काय म्हणालीस?

मुहय्यो : दुसऱ्या हिवाळ्यात उंदरांनी खाल्ली. नवरोजच्या आधी भिंती सारवायला काढल्या होत्या, तेव्हा बघितलं. नुसती कड उरली होती, खिळ्याला अडकून. तुम्ही अंगणात होता, आणि गात होता. तेच गाणं, अर्धी रोटीचं. मला वाटलं, आता तुम्ही आत आलात तर तुमचा जीव जाईल. मी तंदूरमधली ताजी काढली, एक घास तोडला आणि टांगली. घास इतका गरम होता की जीभ पोळली. तुम्ही विचारलंत, जेवत का नाहीस? मी म्हटलं, पोट दुखतंय. पाच वर्षं तुम्ही रोज सकाळी माझ्या उष्ट्या रोटीला हात लावून दुवा मागता, आणि मी ओढणी तोंडावर घेऊन आत पळते.

कुमरीबिबी : तुझ्या उष्ट्या.

मुहय्यो : माझं चुकलं. पण मला काय करावं सुचेना. मला त्या रोटीचं काही वाटत नव्हतं, ओयी. तुम्हाला वाटतं म्हणून...

कुमरीबिबी : पाच वर्षं नाही.

मुहय्यो : काय?

कुमरीबिबी : पाच वर्षं नाही. दोनच वर्षं होती तुझी. तोजीखोन, तो कागद जरा बाजूला ठेव. इकडे बघू नकोस.

तोजीखोन : बघत नाही. ऐकते.

कुमरीबिबी : तू बहिणीच्या लग्नाला कोकंदला गेली होतीस, चार दिवस. पाऊस लागला, छत गळलं. रोटीला हिरवी बुरशी आली आणि खालीच पडली. लगदा झाला. मी म्हटलं, ही पोर परत येईल, रिकामा खिळा बघेल, तर काय समजेल? समजेल नवरा मेला. तिथल्या तिथे कोसळेल. शेजारून कणीक आणली, रोटी भाजली.

तोजीखोन : आणि चावलीत?

कुमरीबिबी : पुढचे दात कुठे आहेत मला! बाजूनं चावली, कशीबशी. एका घासाला किती वेळ लागला सांगू!

तोजीखोन : म्हणून! मी मघापासून बघतेय, हा असा कुरतडल्यासारखा घास कुठल्या जवान माणसाचा?

मुहय्यो : मी बघितलं होतं.

कुमरीबिबी : काय बघितलंस?

मुहय्यो : कोकंदहून आले त्या संध्याकाळी. घासाचा आकार वेगळा दिसला. मी कितीतरी वेळ दारात उभी होते. मला वाटलं, मी नसताना तो येऊन गेला. आपली रोटी खाल्ली, दुसरी टांगली, आणि गेला. तुम्हाला विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर माझी चोरी कळली असती. मग तुमच्या तोंडाकडे बघत राहिले, तुम्ही काही सांगाल म्हणून. तुम्ही म्हणालात, लग्नात जेवण कसं होतं? मग मीच मनाची समजूत घातली, माझाच घास उंदरांनी आणखी कुरतडला असेल.

कुमरीबिबी : मी पण तुझ्या तोंडाकडेच बघत होते. हिला कळलं की नाही, हिला कळलं की नाही.

तोजीखोन : म्हणजे ह्या घरात रोटी मानणारं कोण आहे? ही म्हणते, ओयी मानतात. तुम्ही म्हणता, सून मानते.

मुहय्यो : मला माहीत नाही.

कुमरीबिबी : मी मानते. मानत होते. माझीच उष्टी रोटी, आणि सकाळी हात लावला की बरं वाटायचं खरं. आता हे खरं मानणं की खोटं, तूच सांग. तू समितीतली.

तोजीखोन : मला विचारू नका. माझ्या घरी पण एक आहे. धाकट्याची, तीन वर्षं झाली. आमची सून परवा तिची धूळ पुसत होती, आणि मला बघून एकदम दचकली. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, काही नाही. आता घरी जाऊन आधी त्या रोटीवर कुणाचे दात आहेत ते बघते.

मुहय्यो : बघू नका, अपा.

तोजीखोन : का?

मुहय्यो : तिला वाटत असेल, तुम्हाला आधार आहे.

तोजीखोन : मला आधार! मी तर ती उतरवायला घाबरते, ती रडेल म्हणून. या अल्लाह. ह्या गल्लीत खऱ्या किती आणि आपापल्या चावलेल्या किती, कोण जाणे. कागद कुठे गेला? तुतीचा डाग पडला बघा. बरं. मावशी, आता रोटीचा अडसर नाही. लोकांचा पत्ता नाही. सही करता?

कुमरीबिबी : खाली काय लिहायचंय ते आधी वाच.

तोजीखोन : ‘समेट न होण्याचं कारण.’ दोन ओळी सोडल्यात.

कुमरीबिबी : काय लिहिणार तू?

तोजीखोन : तेच समजत नाही. एरवी लिहिते : मारहाण, दारू, सासूशी पटत नाही. इथे काय लिहू?

मुहय्यो : लिहा, सात वर्षं वाट पाहिली. कुणाची ते ठाऊक नाही.

तोजीखोन : असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही, पोरी.

कुमरीबिबी : लिही, नवऱ्यानं सोडली.

तोजीखोन : तसं तो म्हणालेला पाहिजे, मावशी. ऐकीव चालत नाही. तो स्वतः काही बोललाय का? फोन तुम्हालाच येतो ना त्याचा?

कुमरीबिबी : मुहय्यो, जरा पाणी आण.

मुहय्यो : सुरई तुमच्या समोर आहे, ओयी.

कुमरीबिबी : आहे होय. दिसली नाही.

तोजीखोन : मावशी?

कुमरीबिबी : तीन वर्षं झाली. जर्दाळू वाळत घातले होते आपण छपरावर, तू वर होतीस. त्याचा फोन आला. म्हणाला, ‘आई, मी आता येत नाही. मुहय्योला सांग, ती मोकळी आहे. मी तिला तलाक दिला म्हणून सांग. माझ्याच्यानं तिला सांगवत नाही, तू सांग.’ मी म्हटलं, सांगते.

मुहय्यो : तीन वर्षं.

कुमरीबिबी : तू खाली आलीस, हाताला जर्दाळूचा चिकटा होता. म्हणालीस, कुणाचा फोन? मी म्हटलं, चुकीचा लागला. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्या तुझ्या अंगात ताप होता. मग रोजे लागले. मग थंडी आली. थंडीत कुठे जाईल ही, म्हटलं. प्रत्येक वेळी काहीतरी होतंच.

तोजीखोन : अहो, पण का? लोकांच्या भीतीनं?

कुमरीबिबी : तसंच मी सांगत आले सगळ्यांना. स्वतःलाही.

मुहय्यो : ओयी, माझ्याकडे बघून सांगा.

कुमरीबिबी : लोकांचं काही नव्हतं गं. मलाच तू जायला नको होतीस.